काटा कोठे थांबतो

वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचे ज्याने मनाशी निश्चित केले आहे, त्याला तिचा खर्च, तिचा धोका, किंबहुना ती नेमकी कोणत्या प्रकारची होणार हेही कित्येकदा नीटसे ठाऊक नसते. परंतु शस्त्रक्रियेनंतर आपले वजन किती किलो व्हावयाचे आहे, तो आकडा मात्र त्याला मुखोद्गत असतो. हा आकडा कोणी दिला असे विचारले, तर बहुधा दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या उंची-वजनाच्या तक्त्याकडे बोट दाखविले जाते. आमच्या ऊसपट्ट्यातील शेतकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सहजासहजी विश्वास टाकीत नाही आणि काटामारीची शंका त्याच्या मनातून कधी जात नाही. तोच शेतकरी, किंवा त्याचा नोकरदार मुलगा, या तक्त्यापुढे मात्र निमूटपणे मान तुकवितो, याचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. तक्ता कोणी केला, कशासाठी केला आणि कोणाची शरीरे मोजून केला, याची चौकशी केल्यावाचून या प्रकरणाला हात घालण्यात अर्थ नाही.

चौकशी करू गेल्यास वाट जाते ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या दप्तरखान्यात. कोणता विमेदार लवकर मरतो आणि कोणता दीर्घकाळ हप्ते भरीत राहतो, हा प्रश्न विमा कंपनीच्या अगदी जिव्हाळ्याचा असल्यामुळे, लुई डब्लिन या तिच्या संख्याशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली विमेदारांच्या उंचीची, वजनाची आणि मृत्यूची सांगड घालण्याचे काम तेथे वर्षानुवर्षे चालले होते. त्यातून १९४२-४३ मध्ये ‘आदर्श वजना’चे तक्ते निघाले, १९५९ मध्ये ते सुधारले गेले आणि १९८३ मध्ये पुन्हा एकवार दुरुस्त झाले. लहान, मध्यम आणि मोठा असे बांध्याचे तीन वर्ग त्या तक्त्यांत होते, पण कोणाचा बांधा कोणत्या वर्गात घालावयाचा याची निश्चित रीत मूळ तक्त्यांत सांगितलेली नव्हती. पुढे जेव्हा स्थूलतेवरील शस्त्रक्रिया रूढ होऊ लागल्या आणि त्यांचे फळ मोजण्यासाठी काहीतरी माप हवे झाले, तेव्हा शस्त्रक्रियातज्ज्ञांनी हेच तक्ते उचलले: तक्त्यातील वजनाहून जे अधिक ते ‘जादा वजन’, आणि त्या जादा वजनापैकी निदान निम्मे उतरले तर शस्त्रक्रिया यशस्वी, असा दंडक पडला. विमेदार अमेरिकनांच्या मृत्युनोंदींतून निघालेला आकडा अशा रीतीने रुग्णाच्या मनातील ध्येय होऊन बसला.

त्याच दंडकातील ‘निम्मे’ हा शब्द मात्र रुग्णाच्या कानापर्यंत बहुधा पोहोचत नाही, आणि पुष्कळशा मनस्तापाचे मूळ तेथे आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे १९९८ च्या फेब्रुवारीत एका महानगरपालिकेच्या अंमलाखाली आली. त्यांपैकी कुपवाडची ओळख तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. त्या वसाहतीतील एखाद्या कारखान्यात पाळीवर काम करणारा एक पर्यवेक्षक आपण कल्पू: उंची १६५ सेंटिमीटर, वजन १२० किलो, मधुमेह जडलेला, रात्री घोरता घोरता श्वास अडकणारा. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक निघतो, तो मूळचा बेल्जियमच्या केतले यांचा. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. आमच्या पर्यवेक्षकाचा हा निर्देशांक ४४ येतो. अमेरिकेत १९९१ साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे ४०, किंवा मधुमेहासारखा सोबती रोग असल्यास ३५, ही शस्त्रक्रियेची पात्रता होती. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती आपल्या लोकांपुरती ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली. आपल्या विमा नियामकाने विमेदारांच्या दाव्यांसाठी मात्र ४० आणि ३५ हीच जुनी मर्यादा कायम ठेवली आहे. आमचा मनुष्य कोणत्याही मोजपट्टीने पात्र ठरतो. आता तक्त्याऐवजी निर्देशांक पंचवीस धरून त्याचे वजन काढले तर ते होते ६८ किलो. म्हणजे जादा वजन ५२ किलो. शस्त्रक्रिया यशस्वी ठरण्यास त्यातील निम्मे, म्हणजे २६ किलो उतरले तरी पुरे, आणि तेव्हा तो असेल ९४ किलोंवर. सर्वसाधारणपणे निष्णात हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के घट होते, असे धरले तर तो ८४ ते ९० किलोंच्या दरम्यान येऊन स्थिरावेल. भिंतीवरच्या तक्त्याने पाहिले तर हा मनुष्य अद्याप स्थूलच. आणि मनातल्या अडुसष्टाने पाहिले तर तो नापास. वस्तुतः याच ८४ ते ९० किलोंच्या पट्ट्यात त्याची साखर आटोक्यात येण्याची, रक्तदाबाच्या गोळ्या कमी होण्याची आणि रात्रीचा श्वास मोकळा होण्याची शक्यता मोठी असते. परीक्षा एका विषयाची आणि गुण दुसऱ्याच विषयात मोजावयाचे, असा हा प्रकार आहे.

येथे एक भारतीय पेच आणखी उपस्थित होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले स्वतःचेच एक छायाचित्र छापले. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोन्ही वैद्यांचा निर्देशांक अगदी समान, २२.३; पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. इतक्या थोडक्या जागेत इतका मोठा सिद्धान्त मांडल्याची उदाहरणे वैद्यकात विरळा. आपल्या लोकांच्या सडपातळ दिसणाऱ्या देहातही चरबी दडलेली असते, आणि ती दंडा-मांड्यांपेक्षा पोटाच्या पोकळीत, यकृताभोवती, आतड्यांच्या पडद्यावर अधिक साचते. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांकाची सीमा २३ वर आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांवर धरावा असे ठरले. आता हा नियम शब्दशः लावला तर कुपवाडच्या आमच्या पर्यवेक्षकाचे ध्येय अडुसष्टावरूनही खाली, बासष्ट-त्रेसष्ट किलोंपर्यंत जाते, आणि शस्त्रक्रिया तर त्याला चौऱ्याऐंशीच्या खाली नेण्याची हमी देत नाही! परंतु हा पेच वरवरचा आहे. उपासाने असो की शस्त्रक्रियेने असो, शरीर जेव्हा आपली साठवण मोडू लागते तेव्हा यकृतातील आणि पोटाच्या पोकळीतील चरबी आधी उपसली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे रुग्णाला कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवतात तेच मुळी यकृत आक्रसावे आणि शस्त्रवैद्याला त्याखाली हात घालण्यास वाव मिळावा म्हणून. जी चरबी भारतीय देहाला घातक, तीच प्रथम निघते. सबब आपल्याकडच्या रुग्णाने काट्याहून शिंप्याच्या टेपवर अधिक भरवसा ठेवावा, असे मी म्हणेन.

शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात सांगावयास हवा. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागे ते रुग्ण पुढे वजन धरीत नाहीत, हे शस्त्रवैद्य जुन्या काळापासून पाहत आले होते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये या निरीक्षणाचा हेतुपुरस्सर उपयोग केला आणि गॅस्ट्रिक बायपासचा पाया घातला. जठराच्या वरच्या टोकाशी तीस मिलिलिटरांच्या आतबाहेरची एक लहान पिशवी करावयाची आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडावयाचा, म्हणजे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग यांना वळसा घालून जाते. दुसरा आणि आज अधिक प्रचलित प्रकार स्लीव्हचा: त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उभा कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून आपल्याकडे या तंत्राचा आरंभ केला, १९९४ मध्ये अमेरिकेत बायपासही दुर्बिणीतून झाल्याचे वृत्त आले, आणि पोटावर वीतभर छेद घेणारी ही शस्त्रक्रिया चार-पाच छिद्रांवर आली. शस्त्रक्रियेची महती सांगली-मिरज भागाला नव्याने सांगावयास नको; डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले ते १८९४ साली. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत या दख्खनवर दोन भीषण दुष्काळ कोसळले आणि अन्नावाचून माणसे मेली. त्या मुलखात अन्नाच्या विपुलतेवर शस्त्र चालविण्याची वेळ येईल, हे त्या काळच्या कोणालाही स्वप्नात दिसले नसते.

दुष्काळाची ती आठवण माणसे विसरली, पण शरीर विसरलेले नाही. जुन्या संस्थानाचा कारभारी वसूल घटल्याची बातमी येताच जसा पहिल्याप्रथम खर्चाला कात्री लावतो, दिवाबत्ती कमी करतो, शागीर्दपेशाला रजा देतो आणि खजिन्याच्या दारावर दुप्पट पहारा बसवितो, तसेच शरीर अन्न घटताच करते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, याच कीज यांनी मिनेसोटा येथे ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले खरे, पण त्याबरोबर त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाव्ययही विलक्षण खाली आला, हातपाय गार पडले आणि दिवसरात्र अन्नावाचून दुसरा विचार सुचेनासा झाला. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत नुसत्या आहार-व्यायामाने प्रचंड वजन उतरविलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचे वजन परत चढले होते आणि शरीराचा दैनंदिन खर्च मात्र अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. ‘मनावर ताबा ठेवा’ हा सल्ला देणाऱ्यांनी हा कारभारी कधी पाहिलेला नसतो.

शस्त्रक्रियेचे मर्म हे की ती त्या कारभाऱ्याला काही काळ गाफील ठेवते. जठरातून भूक जागविणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य स्रवते, असा शोध जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये लावला. आहार तोडून वजन उतरविले की ते रक्तात वाढते आणि भूक अनावर होते, पण बायपास झालेल्यांच्या रक्तात ते आश्चर्यकारकरीत्या कमी आढळते, असे २००२ मध्ये दिसून आले. उलट अर्धवट पचलेले अन्न आतड्याच्या दूरच्या भागात लवकर पोहोचल्यामुळे तृप्तीची आणि इन्सुलिनला साह्य करणारी द्रव्ये वाढतात. पुष्कळशा मधुमेह्यांची साखर वजन नाव घेण्याजोगे उतरण्याआधीच, अवघ्या काही दिवसांत, खाली येते ती यामुळे. नुसती पिशवी लहान झाल्याने हे घडते असे समजणाऱ्याला पुढची कोणतीच गोष्ट उलगडत नाही.

वजन उतरते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या काही दिवसांत काटा धडाधड खाली येतो, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास अकस्मात जागच्या जागी ठप्प होतो. रुग्णाच्या पोटात गोळा येतो. पोटभर अन्न नाही, दिवसभरात जेमतेम काही वाट्या पातळ पदार्थ पोटात जातात आणि वजन मात्र ढिम्म! याचे कारण साधे आहे. यकृतात आणि स्नायूंत साठविलेली शर्करा प्रथम खर्ची पडते, आणि दर ग्रॅम शर्करेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. ते पाणी गेल्याने आरंभीची घट फुगलेली दिसते, आणि तो साठा थोडा सावरला की पाणी परतते व आतल्या आत चाललेली चरबीची घट झाकली जाते. असे थांबे पुढेही येतात. पहिल्या सहा महिन्यांचा वेग नंतर टिकत नाही. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान वजन आपल्या नीचतम बिंदूला पोहोचते. मधल्या काळात, तिसऱ्या महिन्याच्या पुढे, केस मूठमूठ गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. झपाट्याने वजन उतरल्याने पित्तखडे होण्याचा संभव असल्याने काही महिने त्यासाठी गोळी देतात. आणि स्त्रियांच्या बाबतीत, वजन उतरताच पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते, ती मात्र निदान वर्ष-दीड वर्ष टाळावी असा वैद्यांचा कटाक्ष असतो.

खरी कसोटी स्वयंपाकघरात आहे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावयास हवीत, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि स्नायू झिजले की शरीराचा ऊर्जाव्यय आणखी घटतो. सांगली-कोल्हापूर भागात जैन आणि लिंगायत समाज मोठा. त्यांच्या ताटात अंडे-मांस नाही. अंडे चालत असेल तर एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. न चालणाऱ्याने पनीर, घट्ट दही, मुगाची उसळ, सोयाबीन, आणि आपले घरचे पिठले यांवर भिस्त ठेवावी. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅमच्या आसपास आणि तितक्याच बेसनात वीस ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने असतात, पण नव्या पिशवीत एका वेळी वाटीभरही मावत नाही, ही अडचण. म्हणून नियम असा की ताटातले प्रथिनांचे अन्न आधी, भाजी नंतर, आणि भाकरी-भात शेवटी, जागा उरली तर. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. घास बोराएवढा आणि तो चावून चावून पातळ केलेला. सुकी भाकरी किंवा भाताचा गोळा घाईने गिळला तर छातीच्या मध्यावर अडकल्यासारखे होते आणि ओकारी झाल्यावाचून सुटका होत नाही.

हाच जो अडकण्याचा अनुभव, तो वजनाचा खरा रक्षक असतो, आणि त्याला चकविणारे अन्न कोणते हे रुग्ण फार लवकर शोधून काढतो. सांगलीचा भडंग हा त्याचा उत्तम मासला. कुरमुऱ्यांचे ते चुरचुरीत, तेलात परतलेले, शेंगदाणे-लसणाचे मिश्रण तोंडात क्षणात विरघळते, पिशवीत टिकत नाही, खाली निसटते आणि पुन्हा जागा रिकामी होते. संध्याकाळी पाळी सुटल्यावर मूठमूठ करीत पाव शेर भडंग संपल्याचे कळतही नाही. बिस्किटे, फरसाण, आइस्क्रीम, आणि दिवसाकाठी सहा वेळा येणारा साखरेचा चहा, ही सारी याच पंक्तीतली. एकादशीच्या साबुदाण्याची गोष्ट वेगळी सांगावयास नको. त्यात प्रथिने नावालाही नाहीत. शिवाय बायपास झालेल्या मनुष्याने नरसोबाच्या वाडीला जाऊन पूर्वीच्या सवयीने बासुंदीचा वाडगा तोंडाला लावला, तर दहा-पंधरा मिनिटांत दरदरून घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब असा प्रसंग ओढवतो, कारण साखर एकदम आतड्यात उतरून शरीरातील पाणी तिकडे खेचले जाते. आणि क्वचित दीड-दोन तासांनी इन्सुलिनचा लोंढा येऊन साखर इतकी खाली जाते की डोळ्यांपुढे अंधारी यावी. वैद्यकात याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, आणि त्यांतील काही जण त्यालाच आपले भाग्य समजतात; वजनाच्या दृष्टीने ते खरोखर भाग्य आहे काय, याची मला शंका आहे.

जीवनसत्त्वांचा विषय रुक्ष म्हणून टाळला जातो आणि तेथेच घात होतो. ब-१२ शोषले जाण्यास जठरातील आम्ल आणि जठरातूनच स्रवणारे एक द्रव्य लागते; जठर कापले किंवा वळसा घालून टाळले की हा व्यवहार बिघडतो. त्यातही आपल्याकडे मुळात तुटवडा. डॉ. याज्ञिक यांच्याच चमूने पुणे आणि आसपासच्या खेड्यांतील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात तर सर्वांत कमी. अशा मनुष्याची शस्त्रक्रिया करावयाची तर ब-१२ ची भरपाई आधी झाली पाहिजे आणि पुढे जन्मभर चालली पाहिजे. तीच गत लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची. उलट्या आठवडाभराहून अधिक टिकल्या तर ब-१ अभावी दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, भ्रम होणे येथवर मजल जाते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा ‘आता पिशवी लहान झाली, उलट्या व्हायच्याच’ असे म्हणून घरी बसणाऱ्याने तत्काळ रुग्णालय गाठावे. बायपासनंतर दुखण्यावरच्या नित्याच्या गोळ्या आणि विडी-सिगारेट ही दोन्ही नव्या जोडावर व्रण पाडतात. मद्याचा अंमल पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक चढतो, आणि दुसऱ्या वर्षानंतर काही रुग्णांत त्याचे व्यसन बळावल्याचे अमेरिकेतील पाहणीत दिसले आहे.

लोकांचे म्हणाल तर, ज्या वस्तीत आदल्या वर्षी ‘जाड्या’ म्हणून हाक मारली गेली तेथेच दुसऱ्या वर्षी चौकात अडवून, ‘लई वाळलायसा की वो, दुखणं-बिखणं हाय काय?’ असे विचारले जाते. गालफडे बसलेली, कातडी लोंबणारी मुद्रा पाहून नातेवाइकांना क्षयाची किंवा त्याहून वाईट शंका येते. आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या मावशी-आत्यांना दोन घासांत पोट भरते ही गोष्ट कोणत्याही वैद्यकीय दाखल्याने पटत नाही. राजकारणातील मंडळींनी याबाबत एक उपकार केला आहे. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, ती बातमी सर्वतोमुखी झाली आणि तेव्हापासून या विषयाची कुजबुज थोडी मोकळी झाली. उलट २०१७ मध्ये इमान अहमद या इजिप्शियन स्त्रीला उपचारासाठी विमानाने मुंबईत आणले गेले, तेव्हा साऱ्या देशाचे डोळे तिच्या काट्यावर खिळले. किती किलो उतरले याचे आकडे रोज वृत्तपत्रांत येऊ लागले, त्या आकड्यांवरून नातलग आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अबुधाबी येथे तिचा अंत झाला. एका अतिशय आजारी स्त्रीच्या हृदयाची, मूत्रपिंडांची आणि पक्षाघाताची वार्ता वजनाच्या आकड्याखाली झाकून गेली, हे त्या प्रकरणाकडे मागे वळून पाहताना खटकल्यावाचून राहत नाही.

आता काटा पुन्हा वर चढतो, त्याविषयी. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला, त्यांतील निम्म्यांनी शस्त्रक्रिया केली होती आणि निम्म्यांनी नव्हती. बायपास झालेल्यांची घट एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत गेली आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर राहिली. ज्यांनी शस्त्रक्रिया केली नाही त्यांचे वजन या साऱ्या काळात दोन टक्क्यांच्या आतच इकडेतिकडे हलले. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी वाढले, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले; सर्वसामान्य जनतेच्या तुलनेत ते तरीही साडेपाच वर्षांनी कमीच होते, हेही त्याच निवेदनात नमूद आहे. मधुमेहाबाबत अमेरिकेतील एका चाचणीत पाच वर्षांनंतर साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी दर ६ टक्के किंवा त्याखाली राखू शकलेले रुग्ण बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांत ५ टक्के निघाले. वजनाकडे वळावयाचे तर काही किलो परत चढणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. त्या काही किलोंच्या लाजेने जो रुग्ण डॉक्टरांकडे जाणेच सोडतो, त्याचे पुढचे पंधरा किलो मात्र खरोखर टाळता येण्याजोगे असतात. अशा वेळी थायरॉइड, स्टेरॉइडची किंवा इन्सुलिनची औषधे, पिशवीचा जोड सैल होणे आणि मूठमूठ खाणे या सर्वांची तपासणी व्हावयास हवी. २०२५ मध्ये भारतात टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने विक्रीस आली, तेव्हापासून परत चढलेले वजन उतरविण्यासाठी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याऐवजी त्यांचा आधार घेण्याचा पर्याय वैद्यांच्या हाती आला आहे. परंतु ती थांबविली की वजन परतते, आणि त्यांचा मासिक खर्च कुपवाडच्या पर्यवेक्षकाच्या पगारातून काढावयाचा आहे.

तर मग आमच्या त्या पर्यवेक्षकाने कोणता आकडा मनाशी धरावा? माझे मत असे की त्याने आकड्याऐवजी एक पट्टा धरावा, चौऱ्याऐंशी ते नव्वद किलोंचा, आणि त्याच्या शेजारी कमरेचा घेर, साखर, रक्तदाब, ब-१२ आणि रात्रीची झोप यांच्या नोंदी एका वहीत ठेवाव्या. तपासण्या पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी. पोटावरची लोंबती कातडी काढून घ्यावयाची असेल तर वजन निदान सहा महिने एका जागी राहिल्याशिवाय शस्त्रवैद्य हात लावीत नाहीत, हेही त्याने आधी समजून घ्यावे. आणि दुसऱ्या वर्षानंतर काटा वर सरकू लागला म्हणून त्याला धडकी भरली, तर अमेरिकेतील युटा येथील पाहणी त्याच्या वैद्याने त्याला वाचून दाखवावी. तेथे बायपास झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी ४५ किलोंनी उतरलेले होते, सहा वर्षांनी ही घट ३६.३ किलोंवर आली, आणि बारा वर्षांनी ३५ किलोंवर. दुसऱ्या वर्षानंतरच्या चार वर्षांत जवळजवळ नऊ किलो परत चढले, आणि त्यानंतरच्या सहा वर्षांत जेमतेम सव्वा किलो.